जागच्या जागी सायकल

धानोरा,
ता. १८ नोव्हेंबर १९५४

ती. गुणवंतभाऊस धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

इकडे मी खुशाल. तुझी खुशाली रंभावहिनीच्या पत्रातून कळते. दिवाळीचा कोट शिवाले गेलास तर टेलरनं दोन फिती जोडून माप घेतलं म्हणे.

मतलबाचं आधी सांगते, मग तू मनसोक्त हास. तुझ्या सायकलीच्या दुकानातून मले असं काही पाठव की माझी सायकल घरातच उभी राहील, मी तिच्यावर बसून पाय मारीन आणि ती जागची हलणार नाई. बरोबर वाचलंस. चष्मा पुसू नको.

कारण मी आजवर कोणालेच सांगतलं नाई. दवाखान्याची सायकल मिळाली तेव्हा वाटलं, आता नर्सबाईले चाकं फुटली. सपाट रस्त्यावर मी झकास चालवते. पण कोसमटोल्याच्या वाटेले मैलभर चढ आहे. अर्ध्यावर मोहाचं मोठं झाड आहे, तिथी पोचेस्तोवर माझा दम जातो नि मी उतरते. मागच्या वर्षी श्रावणात टोल्यातल्या कोलूची बायको सोमारी बाळंतपणात अडली होती. कोलू पाच मैल पळत मले बोलवाले आला. मी निघाली, मोहापाशी उतरली. पेटी बांधलेली सायकल, मी पुढून ओढू नि कोलू मागून ढकलू. तिथीच आम्हाले वरून बायांचं रडणं ऐकू आलं. बाळाच्या गळ्याले नाळ गुंडाळली होती. अर्धा घंटा आधी पोचली असती तर दोन बोटांचं काम होतं. कोणी मले एक शब्द बोललं नाई. उलट सोमारीनंच पडल्या पडल्या सांगतलं, बाई चढून आली, तिले पाणी द्या. भाऊ, ते पाणी माझ्या गळ्याखाली उतरलं नाई.

आता सोमारीले पुन्हा दिवस आहेत. फाल्गुन सरता सरता मोकळी होईल. तोवर मले तो चढ न उतरता चढता आला पाहिजे. रस्त्यावर सराव करावा तर दसऱ्यापासून त्या वाटेवर वाघ आहे, दोन बैल खाल्ले. जंगलखात्याच्या नाकेदारानं सकाळ-संध्याकाळ जायाले बंदी केली, आणि दिवसभर मले दवाखाना. म्हणून हिवाळाभर घरातच. हसून झालं असेल तर सामान बांध.

तुझा लोभ आहेच, तो यावेळी लोखंडाच्या रूपात मोटारीनं यावा.

तुझी
भागीरथा

चांदा,
ता. २७ नोव्हेंबर १९५४

चि. भागीस थोरल्या भावाचे अ. उ. आ.

तुहं पत्र पोचलं. अर्धं वाचून हसलो, अर्धं वाचून गप्प बसलो. एका गिऱ्हाइकानं विचारलं, काऊन मालक, घरी बरं ना? मी म्हटलं, बहीण सायकलवर बसून कुठीच जायाचं नाई असं ठरवून राह्यली. तो म्हणाला, आमचा साळा पंधरा वर्षांपासून तेच करून राह्यला, तेही सायकलबिगर.

उद्याच्या मोटारीनं लोखंडी घोडी पाठवतो. मागचं चाक तिच्यावर चढव, अधर फिरेल. समोरच्या चाकाखाली दोन विटा ठेवजो. चढावर सायकलीचं तोंड वर राह्यते अन् बसणारा मागं सरकते, ती सवय झाली पाहिजे. नाई तर हिवाळाभर तू नागपूरच्या सपाट रोडची तयारी करशील अन् चढ आहे तिथीच हसत बसेल. दुसरं म्हणजे, अधर चाक लय हलकं फिरते. टायरवर चामड्याचा पट्टा टाक, एक टोक खिळ्याले, दुसऱ्या टोकाले वीट. दर आठवड्याले वजन वाढव. अन् बसूनच पाय मार. उभा राह्यला तो लवकर थकला.

तू म्हणशील, हा उंटावरचा शहाणा. तर ऐक, मीबी आजच दुकानाच्या मागच्या खोलीत घोडीवर सायकल चढवली. रोज अर्धा घंटा. माघात धानोऱ्याले येतो अन् तुह्या आधी तो चढ चढून दाखवतो.

त्या बाळाचं आपल्या माथी घेऊ नको, भागी. घेशीलच, मले ठाऊक आहे. तर मग पाय तरी जोरानं मार.

लहानपणी तुले डबल सीट नेताना दर चढाले खाली उतरवत होतो, तेवढा राग सोडून बाकी माया ठेवजो.

तुहा
गुणवंत

धानोरा,
ता. २६ डिसेंबर १९५४

ती. भाऊस सा. न. वि. वि.

घोडी पोचली, वहिनीची जवसाची चटणीही पोचली. मोटारवाल्यानं घोडी भर बाजारात उतरवली, त्यामुळे गावात कोणाले काही सांगावं लागलं नाई.

पहिल्या दिवशी दहा मिनिटांत मांड्या पेटल्या. मान वर केली तर दारात पंधरा माणसं. सर्वांत पुढं शेजारची धुरपताबाई, साठीची, आणि तिच्या दोन सुना टोपल्यांत धान घेऊन बसलेल्या. मी विचारलं, धान कशाले? तर म्हणाली, तुही चक्की सुरू झाली नं, भरडून दे. मी सांगतलं, ही चक्की नाई, ही नुसतीच फिरते. तिनं वाकून चाकाखाली हात घालून पाह्यला, काही पडते का म्हणून. मग सुनांना म्हणाली, दवाखान्यातल्या औषधांच्या वासानं बाईचं डोकं फिरलं. चाक बिनकामाचं फिरवणं म्हणजे पाप.

तीन दिवस तिनं तेच ऐकवलं. चौथ्या दिवशी लटारू सुताराले घेऊन आली. त्यानं चाकाच्या तारांत टिनाच्या तिरप्या पट्ट्या बसवल्या आणि सायकल दाराशी आडवी लावली. आता मी पाय मारले की वारा दाराबाहेर जातो, आणि पडवीत धुरपताबाई सूप धरून धान उफणते. यंदा वाराच नाई, लोकांच्या राशी खळ्यावर तशाच पडून आहेत, म्हणून रोज संध्याकाळी माझ्या दारात रांग. तुझ्या विटेची गरज पडली नाई. पट्ट्यांनी हवा कापता कापता पाय असे भरतात की सगळे देव आठवतात.

धुरपताबाई सुपं मोजते. पहिल्याले एक म्हणत नाई, मापाऱ्यासारखी लाभ म्हणते. लाभ, दोन, तीन. वीस झाल्याबिगर मले उतरू देत नाई. मधेच पाय थांबले की ओरडते, दाणा नि कोंडा एकत्र पडला, आता ये खाली अन् तूच वेच. डॉक्टरसाहेबांनी परवा विचारलं, नर्सबाईंच्या केसांत रोज कोंडा कसा? मी म्हटलं, चढाचा सराव चालू आहे. त्यांनी विषय बदलला.

तुझी प्रगती कळव. माया पातळ होऊ देऊ नको, तू थोडा झालास तर चालेल.

तुझी
भागी

चांदा,
ता. १२ जानेवारी १९५५

चि. भागीस अ. उ. आ.

तुहं पत्र मी दुकानात चार जणांना वाचून दाखवलं. एक जण म्हणाला, मालक, तसं पंखेवालं चाक आपणबी विकू. मी म्हटलं, त्याच्यासोबत धुरपताबाई द्यावी लागेल, ती कुठून आणू?

सोबत मागच्या चाकाची चकरी पाठवतो, हिले दाते जास्त आहेत. पाय जास्त वेळा फिरवावे लागतील, पण चढाले जोर कमी लागेल. माहं म्हणशील तर मी पाऊण घंट्यावर गेलो. दम लागत नाई, घाम येत नाई. वाटते, अंगात मूळचीच ताकद होती, उगाच पडून राह्यली. संक्रांत जवळ आली, तिळगूळ घे अन् माह्या पोटाबद्दल गोड बोल.

तुहा
गुणवंत

भागीबाई, खाली जागा उरली त्यात मी रंभा लिहिते, यांना न दाखवता. यांना दम काऊन लागेल? सायकलीची साखळी खिळ्यावर टांगली आहे. हे वर बसतात, पेपर उघडतात, पाय गरागरा फिरवतात, चाक मात्र ठप्प. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. काल तर तिथीच डोळा लागला. बाई, तुम्ही मात्र सोडू नका. मी सोमारीसाठी लुगडं काढून ठेवलं आहे.

धानोरा,
ता. २१ फेब्रुवारी १९५५

ती. भाऊस सा. न. वि. वि.

वाघ पौषातच दुसऱ्या रानात गेला, आता बंदी उठली. काल रविवारी कोलूले सोबत घेऊन चढावर गेली. खालचा अर्धा चढ अशी चढली की कोलू पळत असून मागं राह्यला. मोहापाशी पोचली, आणि पाय थांबले.

भाऊ, दम होता. मांड्या दुखत नव्हत्या. तरी थांबले आणि मी उतरली. पुन्हा खाली जाऊन आली, पुन्हा तिथीच उतरली. तिसऱ्यांदाही तेच. कोलूनं झाडाकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, आणि मागून सायकल ढकलाले लागला. तेव्हा मले रडूच आलं. त्या जागेवर मले अजून ते रडणं ऐकू येते. मी हिवाळाभर घरात बसून चाक शिकली, वाट शिकली नाई. आता महिना राह्यला आणि मले भीती वाटून राह्यली.

धुरपताबाईले सांगतलं. ती म्हणाली, तो मोहा तर माह्या माहेरचा. कोसमटोल्यात एकेका घराले एकेक मोहा वाटून दिला आहे, तो तिच्या बापाच्या घराचा. फुलं पडाले लागली की ती सुनांना घेऊन पहाटेच तिथी वेचाले जाते. माह्या झाडानं तुहं काय घोडं मारलं, म्हणून मलेच रागावली.

तू माघात येणार होतास. माघ उद्या सरतो. साखळी सापडत नसेल तर खिळ्यावर पाह्य.

तुझी
भागी

चांदा,
ता. १ मार्च १९५५

चि. भागीस अ. उ. आ.

खिळ्याचं तुले कोणी सांगतलं ते मले समजलं. तिच्याशी बोलणं बंद केलं होतं, पण संध्याकाळी भूक लागली.

मस्करी राहू दे. घरात तू वीस सुपं कशी मारते? धुरपताबाई मोजते म्हणून. चढावर तुहं कोणी मोजत नाई, मग कान दुसरंच ऐकतात. तर तू मोज. मोठ्यानं मोज. लोक हसतील, हसू दे, आजवर काय कमी हसले?

मले सायकल जोडता येते, चढता येत नाई, हे आज लिहूनच देतो. पण तू चढशील.

तुहा
गुणवंत

धानोरा,
ता. २१ मार्च १९५५

ती. भाऊस आणि सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

काल सकाळी सहाच्या सुमारास कोलू दारात आला. सोमारीले पहाटेपासून कळा. मी पेटी बांधली आणि निघाली. कोलू मागून पळत. चार मैल कसे गेले कळलं नाई. चढ लागला तशी तू सांगतलं तसं मोठ्यानं मोजाले लागली, लाभ, दोन, तीन. पण चढावर बोलाले श्वास लागतो हे तुले कोणी सांगतलं नव्हतं का रे भाऊ? मोहा दिसला तोवर माझा आवाजच गेला. मोजणं थांबलं, आणि पाय जड व्हाले लागले.

झाडाखाली फुलांचा सडा होता. धुरपताबाई नि दोघी सुना वाकून वेचून राह्यल्या होत्या. चाकाचा आवाज ऐकून ती सरळ झाली. माझं हँडल डगमगलं ते तिनं पाह्यलं. भाऊ, तिनं कमरेवरची टोपली दोन्ही हातांनी वर धरली, सुपासारखी, आणि सगळ्या रानाले ऐकू जाईल असं ओरडली, लाभ! सुनांनीही टोपल्या वर धरल्या. दोन. तीन. चार. मोहाची फुलं खाली सांडून राह्यली होती, कोणाले पर्वा नाई. माझ्या पायांना एवढंच ठाऊक आहे की मोजणी चालू असताना उतरायचं नाई. मोहा मागं गेला ते मले सात-आठ झाल्यावर समजलं. वीस झाले तरी तिघींनी सोडलं नाई, पुन्हा लाभपासून सुरू केलं. टोल्यात शिरली तेव्हा खालून मोजणं ऐकूच येत होतं. रडणं नाई, मोजणं.

मी हात धुतले आणि तेवढ्यात बाळ आलं. मुलगी. अंग निळं, आवाज नाई. नळीनं तोंडातलं पाणी ओढलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. किती वेळ ते माहीत नाई, मले फार वाटला. मग ती रडली. अशी रडली की सोमारीची सासू हसाले लागली. कोलू तेव्हाच अंगणात पोचला होता. मी वेळेवर पोचली आणि रडणं बायांचं नाई, बाळाचं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं तसा तो दाराशी येऊन उभा राह्यला.

सोमारीनं डोळे उघडले आणि सासूले गोंडीत काही सांगतलं. सासू लोटा घेऊन आली तेव्हा समजलं, सोमारीनं पुन्हा तेच सांगतलं होतं: बाई चढून आली, तिले पाणी द्या. भाऊ, तो लोटा मी उभ्या उभ्या रिकामा केला आणि अजून एक मागतला.

उतरताना धुरपताबाई सांडलेली फुलं पुन्हा वेचून राह्यली होती. मी वाकून मदत कराले लागली तर म्हणाली, मुलगी का मुलगा ते सांग, अन् घरी जा, तुले वेचता येत नाई. वहिनी, लुगडं पाठवा. आता भीती गेली, लोभ तेवढा राहू द्या.

तुमची
भागी

चांदा,
ता. २९ मार्च १९५५

चि. भागीस आम्हा दोघांचे अ. उ. आ.

तुहं पत्र रंभेनं मोठ्यानं वाचलं. लोट्यापाशी आली अन् तिले पुढं वाचवलं नाई. कागद मी घेतला, तर मलेबी दिसेना. चष्मा पुसला.

लुगडं आजच्या मोटारीनं पाठवलं. बाळाले टोपडं आहे, ते धुरपताबाईले दाखवजो अन् माहा नमस्कार सांगजो. कधी चांद्याले आली तर तिच्या हाती दुकान देईन.

काल संध्याकाळी दुकान बंद केलं. खिळ्यावरून साखळी काढली, तेल दिलं, सायकलले चढवली. समोरच्या चाकाखाली दोन विटा. तुही वहिनी समोर स्टुलावर बसली, हातात रिकामं सूप. लाभ, म्हणाली.

सातव्याले उतरलो. आज आठ मारतो.

तुहा साखळीवाला भाऊ
गुणवंत