आत्यांची बिनवायरची चूल

१० नोव्हें.
आत्यांना घेऊन बारामतीला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला. एवढंच म्हणाले, चुलीचा धूर बंद, नाहीतर पुढच्या वेळी ॲडमिट करावं लागेल. महिन्याने परत दाखवायचं. येताना इंदापूर रस्त्याला लागल्यावर आत्या बोलल्या, "गॅसवरची भाकरी म्या खानार न्हाय. रबर हाय त्यो." दत्ता म्हणाला, "मग उपाशी ऱ्हा." मायलेकांचं हे असंच. मधे सून म्हणून मी.

१३ नोव्हें.
मी करायला घेतलेली लाकूडगॅसची चूल पुरी झाली. डब्यात डबा, खालून पंख्याची हवा. लाकडातून निघणारा धूर वरच्या भोकांपाशी जळूनच जातो. डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या घातल्या, झकास जाळ. धूर जवळजवळ नाहीच.
आत्या लांबूनच. "ही वायर कशाची?" पंख्याची, म्हटलं. "आन् लाईट गेल्यावर?" बॅटरीवर. "ती चार्ज करायची माज्या ध्यानात ऱ्हायची न्हाय. चुलीला कुठं वायर आसती व्हय गं?"
वस्तीवर पहाटे लाईट नसते, आणि यांच्या भाकरी पहाटेच.

१६ नोव्हें.
सुचलं!! चुलीनंच स्वतःची वीज करायची. थर्मोइलेक्ट्रिक चकती. एक बाजू तापली आणि दुसरी गार राहिली की करंट. मागवली. कंपनीत मेंटेनन्स करते, तर एवढं जमायला हवं. गार बाजूला जुन्या कॉम्प्युटरमधल्या, उष्णता सोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्या. साहेबांना विचारून लोणी देवकरला कंपनीच्या भंगारातून उचलल्या. त्यांच्या फटींतून वारा खेळता राहिला पाहिजे, सगळी मदार त्यावर.

२२ नोव्हें.
कंट्रोलर जमला. चकतीचे व्होल्ट अगदी थोडे, ते वाढवणारं सर्किट, पुढे एक बटण, जाळ मोठा-बारीक करायला. पात्या जाळीच्या आड, चुलीच्या कुशीला. पेटवताना पुठ्ठ्याने जरा वारा घालायचा, तापलं की पंखा आपोआप.
पहिल्यांदा आपसूक फिरला तेव्हा मी ओरडलेच. दत्ता गोठ्यातून पळत आला, त्याला वाटलं साप निघाला.
आत्यांनी एक भाकरी केली. शेवटी उरलेल्या निखाऱ्यावर शेकली, खाल्ली. नाव ठेवलं नाही म्हणजे आत्यांच्या लेखी कौतुकच.

२६ नोव्हें.
पंखा मरतुकडा. कंपनीतून आल्यावर पेटवून पाहिली. जाळ पिवळा, धूर. कंट्रोलरची पेटी सोडवून टेबलावर आणली. इथे बॅटरी लावली तर पंखा सुसाट. सोल्डर ठीक.

२९ नोव्हें.
सर्किट नवं केलं. परत तेच. टेबलावर पळतो, चुलीवर झोपतो. माहेरी बडबडी, सासरी मुकी, त्यातली गत.
आत्यांचा खोकला वाढलाय. माझी पाठ वळली की जुनी चूल पेटवत असणार. विचारलं तर "न्हाय गं", तेही तोंड फिरवून. राग आला मला, खरंच आला. कुणासाठी एवढा जीव काढायचा? दत्ताला म्हटलं, गॅसच बरा, सांग आईला. तर म्हणे, "तूच सांग. माजी छाती न्हाय."

३ डिसें.
मुद्दाम रजा टाकली. पहाटे दाराआडून बघत उभी राहिले. सासूवर पाळत! लाज वाटत होती, तरी हलले नाही.
आत्या नव्या चुलीपुढे बसलेल्या. शेणमातीच्या पातळ काल्यात फडकं बुडवून पोतेरं फिरवत होत्या. चारी अंगांनी, मायेनं. जाळीवरूनसुद्धा.
"आत्या! हे काय करताय?"
"काय म्हंजी? पारोश्या चुलीवर भाकरी टाकू व्हय? रोज देती की पोतेरं."
रोज! पात्यांच्या फटी चिखलाने बुजून गेलेल्या. वारा कुठून जाणार, पात्या गार कशा राहणार? बाहेरून सारवलेली मला दिसली होती की. बरी दिसते म्हणून सोडून दिलं, आणि पेटी तेवढी टेबलावर नेऊन खोलत बसले. काखेत कळसा अन् गावाला वळसा.
मग कोपऱ्यातली जुनी चूल दिसली. भेगाळलेली, कधीची सारवलेली नाही. आत मांजर झोपलेलं.
"धूर होतोय ते बोलला का नाहीत?"
"तू येवढी खपून केल्याली. तुला वाईट वाटंल म्हनून."
म्हणजे इतके दिवस माझ्याच चुलीचा धूर गिळत होत्या. आणि मी इथे दाराआड. तिथंच खाली बसून रडले. आत्या म्हणाल्या, "आगं, आदी च्या घे. मग रड."

४ डिसें.
दाताच्या जुन्या ब्रशने पात्या स्वच्छ केल्या. पंखा सुसाट. धूर गेला.
राहिला प्रश्न पोतेऱ्याचा. देऊ नका म्हणायला जीभ रेटेना. पोतेरं फिरलं म्हणजे चूल घरची झाली, ते मी कुठल्या तोंडाने बंद करू? जाळीवर पत्रा मारला तर वारा अडतो. आत्यांना खरं ते सांगितलं, हिथं चिखल गेला की पंख्याचा जीव जातो. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या, करंडा घेऊन आल्या. जाळीच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावली.
"आता ही द्येवाची जागा झाली. हितं फडकं फिरायचं न्हाय."
दत्ता हसला. मला नाही हसू आलं. बरं वाटलं.

६ डिसें.
खोकला आहेच. कमी वाटतो. का मलाच तसं वाटून घ्यायचंय...

८ डिसें.
आज बारामतीला परत दाखवायचं. पहाटेच जाग आली. पडवीत पुठ्ठ्याचा फडफड आवाज. मग काहीच नाही. मग पंख्याची बारीक घरघर, एका सुरात. आत्या भाकरी थापायला लागल्या. मी पडल्या पडल्या खोकल्याची वाट बघत होते. एक झाली, तव्यावर पडली. दुसरी घेतली.
दत्ता कूस बदलून म्हणाला, "काय ऐकतीस गं?"
"गप की जरा," म्हटलं.