कागद धुतले त्या दिवशी

आठवा महिना, पौर्णिमा उलटून गेल्यावर. दुपार.

तीर्थरूप दादास,
धाकटीचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल. वहिनींचे गुडघे थंडी पडायच्या आत शेकायला घ्या, मागच्या वर्षीसारखी चालढकल नको. आमच्या अंगणातल्या नाशपातीला यंदा इतकी फळं आली की फांदीला खालून टेकू द्यावा लागला. मुळे अजून बारीक आहेत, लोणच्याला महिना लागेल.

पत्र कुठून लिहिते आहे ते मुद्दाम वर घातलं नाही. शेवटी सांगेन. तू कुठलंही पत्र आधी खालून वाचतोस हे मला ठाऊक आहे. या वेळी तेवढं करू नकोस, माझी शपथ आहे.

तुझं मागचं पत्र मिळालं होतं. वर नाव होतं, 'इतिहास कचेरीतल्या लेखकाच्या बायकोस'. वा रे वा! ज्या पोरीला पाठीवर घेऊन तू ओढा ओलांडायचास तिचं नावच विसरलास. आणि आत दोनच ओळी. तुझ्या नवऱ्याने बाबांबद्दल काय लिहिलं ते कळव, नाहीतर बाबांच्या श्राद्धाला येऊ नकोस. मी आले नाही. गेल्या वर्षी त्या दिवशी स्वयंपाकघरात दक्षिणेकडे तोंड करून एक वाटी पाणी ठेवलं आणि नमस्कार केला. घरकामाच्या साम्वलने विचारलं, "बाई, पाण्याला नमस्कार कशाला?" काय सांगणार तिला, कपाळ?

पण दादा, तूही कमाल केलीस. महाराज गेले, त्यांच्या राजवटीचा इतिहास लिहायला घेतला, आणि त्या काळात डोळे मिटलेल्या प्रत्येक मंत्र्याचं आयुष्य त्यात पाच-सहा ओळींत बसवायचं ठरलं. चांगला होता की वाईट, तेही खाली लिहायचं. नव्या महाराजांनासुद्धा जे उघडून बघायची परवानगी नाही, ते तू माझ्याकडून चोरून काढून घ्यायला निघालास! तोंडातून शब्द गेला तर ह्यांचं काय झालं असतं, माहीत नव्हतं का तुला? सगळं माहीत होतं. बाबांचं नाव आलं की तुझं डोकं चालत नाही, एवढंच.

तू आमच्याकडे येऊन ताट उधळून गेलास तो दिवस मला रोज आठवायचा. तू ओरडत होतास, "बाबा न्यायी होते असं लिहिलंस का नाही? हो की नाही, एवढंच सांग!" आणि हे म्हणाले, "भाऊसाहेब, पेज घ्या, गार होतेय." मला तेव्हा तुझ्याइतकाच संताप आला होता. उडालेली पेज भिंतीवरून मीच पुसली.

तू गेल्यावर मी काय काय केलं ते आता सांगायला हरकत नाही. आधी गोडीगुलाबीने विचारलं. मग अबोला धरला. मग सुपात मीठ जास्त घालायला लागले. हे निमूट खायचे आणि वर दोन तांबे पाणी प्यायचे. एकदा म्हटलं, "दगडाशी लग्न केलं असतं तर निदान लोणच्यावर ठेवायला तरी उपयोग झाला असता." हे हसले. हसले, दादा! मी भांडं आपटलं.

बरं, खरं लिहिते. बाबांबद्दल वाईट लिहिलं असेल, नुसती एवढीच भीती नव्हती मला. वाईट लिहिलं असेल आणि ते खरं असेल, ही भीती होती. तुझ्यासमोर हे कधी बोलले नाही. दुष्काळाच्या वर्षी बाबा कोठारमंत्री होते आणि दक्षिणेतली माणसं मरत असताना त्यांनी राजधानीचं कोठार उघडलं नाही. उत्तरेच्या सरहद्दीवरच्या सैनिकांसाठी धान्य राखून ठेवलं. शत्रू येणार असं सगळेच म्हणत होते. तो आला नाही. आला असता तर बाबांच्या गौरवाचा दगड उभा राहिला असता. नाही आला, म्हणून आजही बाजारात बाबांचं नाव निघालं की बायका थुंकतात. मी पालखीचा पडदा घट्ट ओढून घेते.

आणखी एक तुझ्यापासून लपवलं. ह्यांच्या कचेरीत ह्यांच्यावर कोण होतं, माहीत आहे? ग्वाक इन्हो. हो, तोच. 'हा मंत्री धान्यावर बसून माणसं मारतो' असा अर्ज ज्याने भर दरबारात वाचला आणि ज्याला बाबांनी हद्दपार करून बेटावर धाडलं, तो. नव्या महाराजांनी त्याला परत बोलावून इतिहास कचेरीत बसवलं. हे लिहिणार आणि ग्वाक वरून डोळे वटारणार, असं चित्र रोज माझ्या डोळ्यांपुढे यायचं. तुला कळवलं असतं तर तू कचेरीच्या दारात जाऊन बसला असतास.

आता ऐक. परवा इतिहास पुरा झाला. चांगल्या प्रती डोंगरावरच्या कोठडीत गेल्या, मोहरबंद. आणि कच्चे कागद घेऊन सगळी कचेरी उत्तर दरवाजाबाहेरच्या ओढ्यावर धुवायला गेली. साम्वल बघायला पळाली होती, ती आल्यावर हसून हसून सांगत होती. ज्यांनी जन्मात स्वतःचा मोजा धुतला नाही असे म्हातारे बाह्या वर सारून गुडघाभर पाण्यात उभे, आणि कागद खळबळताहेत. "बाई, पिळत होते हो! कागद कुणी पिळतं का?" सगळा ओढा काळा झाला होता म्हणाली. शाई गेली की तो लगदा कागदगिरणीत जातो, त्याचा पुन्हा कोरा कागद. कोणी काय लिहिलं, काय खोडलं, सगळं वाहून गेलं. मग तिथेच खडकावर राजाकडून आलेली मेजवानी.

संध्याकाळी हे आले ते गाणं म्हणत. आमचे हे! आणि बरोबर कोणीतरी. दोघेही कंबरेपर्यंत ओले. मी दाराआड गेले. साम्वल डोळे एवढे करून धावत आली, "बाई, बेटावरचे ग्वाक आलेत. आपल्या मालकांचा कोरडा सदरा मागताहेत."

दार लावून घ्यावं असं वाटलं. पण दारात आलेल्याला उपाशी कसं पाठवणार? सूप ठेवलं, मासा भाजला, मुळ्याचं जुनं लोणचं काढलं. पुरुष बाहेरच्या खोलीत, मी मधल्या कागदी दाराआड. म्हातारा चांगलाच प्यायला होता. मध्येच दाराकडे तोंड करून म्हणाला, "आत शिम मंत्र्यांची लेक आहे ना? पोरी, या बैलाला माफ कर."

"कुठला बैल?" मी आतून विचारलं. नको होतं विचारायला, पण राहवलं नाही.

"हा तुझा नवरा. ज्या दिवशी तुझ्या बापाचं नाव पुढे आलं त्या दिवशी हा टोपी घेऊन उठला आणि बाहेर पडवीत जाऊन बसला. जावयाने सासऱ्याचं लिहायचं नाही म्हणाला. बर्फ पडत होतं. आत ये म्हटलं तर येईना. नाव पुरतं निघून जाईपर्यंत बसला तिथेच."

ह्यांनी मोठ्याने खोकून दाखवलं. "साहेब, हे बोलायचं नसतं."

"कागद धुतले की रे! आणि मला कुठे धाडणार? बेट मी बघून आलोय, वारा फार आहे तिकडे."

दादा, मला तो दिवस आठवला. हे भिजलेल्या बुटांनी आले होते आणि पुढे पंधरवडाभर खोकत होते. मी आल्याचा काढा करून दिला आणि वर बोलले, "एवढा मोठा विद्वान, पण बर्फात बसू नये एवढी अक्कल नाही." तोंडातून चकार शब्द काढला नाही त्या माणसाने. 'मी लिहिलं नाही' एवढं म्हणाले असते तर तू ताट उधळलं नसतंस. पण मग तू विचारलं असतंस, कोणी लिहिलं? म्हणून तेही म्हणाले नाहीत. आपण दोघं भाऊबहीण इतके दिवस ज्याच्यासाठी त्यांना छळत होतो, ते त्यांनी केलंच नव्हतं. दाराआड मला रडू आलं आणि हसूही आलं.

आणि मग माझ्याही तोंडून तोच प्रश्न गेला. "मग कोणी लिहिलं?"

बाहेर पळी वाडग्याला लागल्याचा आवाज आला. मग ग्वाक म्हणाला, "लोणचं अजून आहे का?"

एवढ्यावरून मी ओळखलं. बाबांनी ज्याला बेटावर धाडलं त्याच्याच हातात बाबांचं आयुष्य पडलं होतं, आणि आता ते डोंगरावर मोहरबंद. रागाने माझी लाजबीज गेली. मी दार सरकवलं नाही, पण ओरडलेच, "साहेब, त्या वर्षी आमच्या घरात पांढऱ्या भाताचा कण शिजला नाही! जव आणि पाइनच्या सालीची पेज. माझ्या आईचे ओठ फाटले होते. तुम्हाला काय माहीत!"

"माहीत आहे," ग्वाक म्हणाला.

"कसं?"

"तेव्हा मी मंत्र्यांचे दोष काढायच्या कामावर होतो. तुमच्या मागच्या भिंतीवरून माणूस चढवला होता, तांदूळ सापडतो का बघायला. त्याने सालीची पेज पाहिली. येऊन सांगितलं मला."

"मग अर्जात का नाही लिहिलंत?"

"तेव्हा मला जिंकायचं होतं, पोरी." मग म्हणाला, "आता कोणाशी जिंकायचंय?"

आमची साम्वल ताटली घेऊन मध्ये उभी होती. तुला आठवत असेल, त्याच वर्षी दक्षिणेकडून कोणीतरी तिला आपल्या दारात टाकून गेलं होतं, तिसऱ्या महिन्यात, म्हणून तिचं नाव साम्वल. ती हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या घरी सालीची पेज होती. आमच्या घरी तीही नव्हती."

ग्वाक तिच्याकडे बघून म्हणाला, "तेही माहीत आहे, बाई." साम्वलला जन्मात कोणी बाई म्हटलं नव्हतं. ती ताटली तिथेच ठेवून आत पळाली.

दादा, त्याने काय लिहिलं ते मला कळलं नाही आणि कधी कळणार नाही. तुलाही नाही. पण माझा जीव भांड्यात पडला. का, ते नीट सांगता येत नाही. बाबांना देव करणारा एक तू होतास, राक्षस करणारा सगळा बाजार होता, आणि मी मध्ये गुदमरत होते. आमची पेज आणि साम्वलचं रिकामं मडकं, दोन्ही ज्याला माहीत आहे अशा माणसाने लिहिलं, मला तेवढं पुरे. मी आत जाऊन झोपले ती सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत उठले नाही. सूप ह्यांनी स्वतः गरम करून घेतलं. मीठ बेताचं होतं, तरी सवयीने दोन तांबे पाणी प्यायले, मग आम्ही दोघंही हसलो.

त्या रात्री जाताना ग्वाकने दाराशी एकच विचारलं. "तुझ्या बापाचं श्राद्ध कधी असतं? दरबारात त्याच्यापुढे वाकलो ते नाइलाजाने. एकदा आपखुशीने वाकायचं आहे. दारू माझी मी आणीन."

हे घाबरले. म्हणाले, "माझे मेव्हणे..." मी आतून म्हटलं, "माझा भाऊ ओरडेल, ताट उधळेल. पण तांबडं फुटायच्या आत स्वतःच येऊन विचारेल, पांघरूण पुरलं का. मी ओळखते त्याला." खोटं नको पाडूस मला.

आता कुठून लिहिते ते सांगते. तुझ्या गावाच्या खिंडीखालच्या खानावळीतून. हे बाहेर घोड्याला पाणी पाजताहेत. ग्वाक आत, खालून आच देऊन तापवलेल्या जमिनीवर घोरतो आहे, दारूचा बुधला कुशीत धरून, कोणी पळवेल अशी भीती असल्यासारखा. त्याचे केस पार पांढरे झालेत. हे पत्र साम्वलच्या नवऱ्याबरोबर पुढे पाठवते आहे. आम्ही उद्या दिवस कलल्यावर निघू.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर त्यात तू काहीतरी वेडंवाकडं लिहिशील आणि मग तुझं तुलाच वाईट वाटेल. लहानपणी श्राद्धाच्या रात्री आजोबांना आत यायला दरवाजा उघडायचा, तर त्याच्यासाठी आपली दोघांची धावाधाव व्हायची, आठवतं? तू नेहमी मला पुढे जाऊ द्यायचास आणि वर आईला सांगायचास की मीच जिंकलो.

उद्या रात्री बाबांसाठी तू दरवाजा उघडशीलच. तो लगेच लावून घेऊ नकोस. त्यांच्या मागोमाग आम्ही येतोय.

लेखकाची बायको,
आणि तुझ्या पाठीवरून ओढा ओलांडणारी,
धाकटी