तसबीर कोण उचलणार

प्रिय फोतिनीताई,

आधी हे सांगते, की तुझं घर उत्तम आहे. छप्पर ठीक आहे, कुलूप ठीक आहे, अंजिराचं झाड यंदाही तुझ्या अंगणात उभं राहून माझ्या अंगणात पानं गाळतंय. अकरा वर्षांत आपण दोघींनी ईस्टर-नाताळच्या कार्डांपलीकडे एकमेकींना काही लिहिलं नाही, त्यामुळे एवढं जाड पाकीट बघून कुणी गेलं की काय असं तुझ्या मनात येईल. कुणी गेलेलं नाही. लांब्रोसची गाढवीण गेली, पण ती तुझ्या ओळखीची नव्हती. फोन केला असता, पण फोन तू मध्येच ठेवून देतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं. उभ्याने वाचू नकोस, बस.

गोष्ट संत मारिनाच्या तसबिरीची आहे. आपल्या लहानपणी ती तसबीर घरी न्यायला लोक कसे एकमेकांना ढकलायचे ते आठवतंय ना? बाबांना नऊ वर्षं थांबावं लागलं होतं. सतरा जुलैला प्रार्थना झाली, जेवणं झाली, की त्या वर्षीचा यजमान तसबीर छातीशी धरून चॅपेलच्या दारात उभा राहायचा आणि तो पुरता उभा राहायच्या आतच कुणीतरी ती त्याच्या हातून घ्यायचा. घेतली की वर्षभर घरात ठेवायची, तिच्यापुढे दिवा विझू द्यायचा नाही, आणि पुढच्या सतरा जुलैला अख्ख्या बेटाला जेवू घालायचं. घेता का, असं यजमानाने विचारायचं नाही. विचारणं म्हणजे समोरच्याची लाज काढणं. हे सगळं तुला माहीत आहे, पण मेलबर्नमध्ये माणूस काय काय विसरतो कोण जाणे.

आता हिवाळ्यात आम्ही इथे त्रेचाळीस जण असतो, आणि त्यातल्या निम्म्यांची चौकशी गुडघ्यांपासून सुरू होते. गेल्या वर्षी तसबीर कुणीच घेतली नाही, म्हणून लांब्रोसने ती परत स्वतःच्याच घरी नेली. एक्याऐंशी वर्षांचा माणूस. ईस्टरला आपला पाद्री पापा-स्ताथिस याने बिशपचं पत्र वाचून दाखवलं. यंदाही कुणी पुढे आलं नाही तर संत मारिनाला मोठ्या बेटावर, बिशपच्या संग्रहात ठेवतील. काचेमागे, नंबर लावून. सगळ्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटून घ्यायला आम्ही कधी मागे नसतो, पुढे व्हायचं म्हटलं की गुडघे आठवतात. मी स्वतःला वगळत नाही. मी चार वेळा यजमानीण झाले, पण शेवटच्या खेपेला माझे चणे करपले, आणि लोक अजून तो विषय काढतात. नाक उरलंच नाही, पुन्हा कापून कशाला घ्या.

अशात जूनच्या शेवटी, मंगळवारच्या बोटीतून इंगेर उतरली. डेन्मार्कची, साठीच्या अलीकडची, उंच, एक बॅग आणि एक टोपी. कुठल्याशा पुस्तकात आपल्या बेटावर दीड ओळ होती, ‘इथे बघण्यासारखं काही नाही’. ती ओळ वाचूनच ती आली. तिला शांतता हवी होती. सेवास्तीच्या कॉफीखान्यावरच्या दोन खोल्यांपैकी एकीचं छत खाली आलंय आणि दुसरीत सेवास्ती कांदे वाळवते, त्यामुळे उतरल्या उतरल्या राहायची पंचाईत झाली. मग झाली सोय. कशी ते पुढे येईल. (तुझ्या खिडक्यांच्या निळ्या रंगाचे पोपडे निघालेत, असं माझ्या लक्षात आलं. बाहेरून.)

तर शांतता. आपल्याकडे शांतता काही कमी नाही, पण ती एकटीने घ्यायची सोय नाही. पहिल्या सकाळी ती बंदरावर एकटी बसून पाण्याकडे बघत होती. एकटी बाई पाण्याकडे बघते म्हणजे काहीतरी झालंय. सेवास्तीने कॉफी पाठवली, मी द्राक्षांचा मुरांबा नेला, आणि लांब्रोस तिच्या शेजारी खुर्ची ओढून दोन तास काही न बोलता बसला. नंतर म्हणाला, “तिला गप्प बसायचं होतं, म्हटलं सोबत करावी.” कॉफीचे पैसे द्यायला गेली तर कुणीतरी आधीच दिलेले. कुणी ते सेवास्ती सांगेना. तीन दिवसांत तिच्या दारात टोमॅटो, अंडी आणि एवढे दुधी साठले की ती बाहेर पडताना ओलांडून जायची. शेवटी ती सकाळी उठून पलीकडच्या वाळूत, कुणी येत नाही तिथे जाऊन बसली. लांब्रोस होडी घेऊन गेला आणि चुकलेली बाई म्हणून तिला परत घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, त्याने पुन्हा वाचवली. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासाठीही पाव घेऊन गेली.

भाषा तिला येते. सहा वर्षं संध्याकाळच्या वर्गात शिकली म्हणे. पण ती एकेक शब्द इतका घासून पुसून ठेवते की ती ‘मीठ द्या’ म्हणाली तरी आम्ही सगळे ताठ बसतो. ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य आहे, रोज तीनशे पोरांचं जेवण करते. हे तिने मला दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, अंजिराखाली भेंड्या चिरताना. तिचा नवरा फेब्रुवारीत गेला, हेही तेव्हाच सांगितलं. तोवर माझं तिला तिच्या झोपेबद्दल, पगाराबद्दल आणि दातांबद्दल विचारून झालं होतं, पण ते विचारायचं राहूनच गेलं होतं. मला माझीच लाज वाटली. ती म्हणाली, “इथे मला झोप लागते. अंजिराची पानं वाजतात, मग तुम्ही खोकता, मग मला झोप लागते.” माझ्या खोकल्याचं आजवर असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

सतरा तारखेला आम्ही सगळे वर चॅपेलपाशी जमलो. लांब्रोसने चणे रात्रभर भट्टीत ठेवले होते, दोन बकऱ्या कापल्या होत्या. चणे थोडे कच्चे होते, पण बोललं कुणी नाही. लांब्रोसला म्हातारा म्हणून सवलत मिळते, मला नाही मिळाली. इंगेरने चमचाभर चणे खाल्ले, थोडा वेळ विचार केला आणि लांब्रोसला सांगितलं की सोडा जरा आधी घालायला हवा होता. हे त्याच्या तोंडावर म्हणायला बेटावर कुणाची छाती झाली नसती, आणि तो मात्र खिशातून पेन्सिल काढून विचारतोय, किती आधी.

मग तो तसबीर घेऊन दारात उभा राहिला. ताई, ती चांदीची चौकट किती जड आहे तुला ठाऊक आहे. ऊन डोक्यावर, वारा पडलेला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सेवास्ती तीच ताटं तिसऱ्यांदा मोजत होती. पुरुष मंडळींना एकाएकी समोरच्या समुद्रात काहीतरी दिसलं. मी माझ्या चपलांकडे बघत होते. डाव्या चपलेचा पट्टा तुटायला आलाय, हे मी अर्धा तास अभ्यासलं. लांब्रोसने चौकट या हातावरून त्या हातावर घेतली. पापा-स्ताथिसचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तो मेणबत्त्या विझवत होता. मला वाटलं, संपलं. आपल्या आईने, आजीने जिच्यापुढे दिवा लावला, ती आता काचेमागे जाणार, आणि मी चपला बघतेय.

इतक्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. इंगेर उठली होती. तिला रीत कुठे माहीत. तिला दिसलं एवढंच, की एक म्हातारा माणूस जड ओझं घेऊन उन्हात उभा आहे आणि शंभरभर धडधाकट माणसं बसून बघताहेत. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. ती सरळ गेली, त्याच्या हातातून तसबीर काढून घेतली आणि आमच्याकडे वळून त्या घासूनपुसून ठेवलेल्या भाषेत म्हणाली, “तुम्हा सर्वांना लाज वाटली पाहिजे.”

पापा-स्ताथिस दीक्षा घेतल्यापासून कधी पळाला नव्हता. त्या दिवशी पळाला. कुणी तोंड उघडायच्या आत त्याने घंटेची दोरी धरली आणि अशी घंटा बडवली की बंदरातले कुत्रे उठले. घंटा झाली म्हणजे तसबीर घेतली, झालं. लांब्रोस पायरीवर बसून रडायला लागला, सेवास्तीने इंगेरच्या गालांचे मुके घेतले, आणि इंगेर तसबीर धरून तशीच उभी, ही ठेवू कुठे म्हणून. ज्याच्याकडे जावं तो छातीवर क्रूसाची खूण करत दोन पावलं मागे. जमिनीवर ठेवायला गेली तर सगळे किंचाळले. मग तिने विचार केला असावा, की इथे सगळेच वेडे आहेत, आणि ती तरातरा उतार उतरून आपल्या मुक्कामी निघाली. मागे अख्खं गाव, गात. घरात शिरली, आणि जिथे आधीच देवाच्या दोन तसबिरी होत्या त्या फळीवर तिने हीही ठेवली. त्यानंतर दार लावून घेतलं. आम्ही बाहेरून टाळ्या वाजवल्या.

कॉफीखान्यात मग रीतसर वाद झाला. सेवास्तीचा दीर म्हणाला, “परकी बाई, ती आपल्या पंथाची पण नाही, चालेल का?” पापा-स्ताथिस म्हणाला, “लेका, तुझ्या बापाच्या घरी संत मारिना एक वर्ष राहिलीय. त्यापेक्षा वाईट तिला काय बघायला मिळणार आहे?” मग तो म्हणाला, मुद्दा माणसाचा नाहीच, मुद्दा घराचा आहे. त्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुन्हा चपलेकडे.

इंगेरला समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. तिने सगळं ऐकलं. मी म्हटलं, “हे बघ बाई, तू चुकून घेतलीस, तुला कुणी धरून ठेवणार नाही.” तिने विचारलं, एकूण माणसं किती? म्हटलं उन्हाळ्यात दीडशे, फार तर. तेव्हा ती हसली, मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाली, दीडशे म्हणजे आमच्याकडे तापाची साथ असते त्या दिवशीचं जेवण. पुढच्या वर्षी जूनमध्ये येते, चणे मी करते, कढया आधी दाखव. ती कालच्या बोटीने गेली. लांब्रोस तिला पोचवायला आला होता, आणि बोट लांब जाईपर्यंत हात हलवत राहिला. तिच्या माघारी दिव्यात तेल मी घालते.

आता ते. तुला एव्हाना कळलंच असेल, तू माझ्यापेक्षा हुशार होतीस आणि ते नेहमी बोलूनही दाखवायचीस. आईचं घर थोरल्या मुलीचं, ही आपल्याकडची रीत. घर तुला मिळालं, आणि किल्ली सांभाळायला मला, ‘मी येईन तेव्हाच उघडायचं’ या तुझ्या अटीवर. ती किल्ली मिठाच्या बरणीमागून काढून मी पहिल्याच दिवशी इंगेरला दिली. तुझ्या पलंगावर ती झोपली, गादीला मी दुपारभर ऊन दाखवलं होतं. आणि संत मारिना आता तुझ्या घरात, आईच्या फळीवर बसली आहे. तसबीर ज्या घरात शिरते ते घर यजमान, आणि नाव घरधनिणीचं. गेल्या रविवारी पापा-स्ताथिसने भर प्रार्थनेत पुढच्या वर्षीची यजमानीण म्हणून तुझं नाव वाचलं, आणि मी सगळ्यांदेखत जोरात ‘आमेन’ म्हटलं. चणे इंगेर करील, ताटं मी लावीन, पण तसबीर हातात धरून दारात उभं राहायला घरचीच बाई लागते. आई गेली तेव्हा तुझ्या नवऱ्याचं, थानोसचं ऑपरेशन होतं, तू येऊ शकत नव्हतीस, हे मला त्या दिवशीही कळत होतं. तरी मी फोनवर म्हणाले, की आता कधीच येऊ नकोस. सगळं आयुष्य तू माझं एक ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते नेमकं हेच. माझं चुकलं, ताई. हे लिहायला मला अकरा वर्षं आणि एक डॅनिश बाई लागली. थानोसला घेऊन ये. कपडे थोडे आण, बेटावर कोण बघतंय. किल्ली आता बरणीमागे नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांची असते तशी बाहेरून दारालाच लावून ठेवली आहे.

तुझीच, दिव्याला तेल घालणारी,
आर्गिरो