वेशीचा चुना आणि मागे घेतलेली सही

फासलंच शेवटी सिमेंट. गावच्या वेशीच्या डाव्या बुरुजाला, माझं चुन्याचं टाकं वीस पावलांवर असताना. जुनी वेस जपायला सरकारी अनुदान आलं, चुन्यातच काम करायचं असं कागदावर लिहिलेलं, आणि ठेकेदार विश्वजित म्हणतो, "आवं आक्का, मार्चच्या आत काम दिसलं न्हाई तर पैसा माघारी जातुया. तुमचा चुना वाळायचा कवा?"

चुन्याला मार्च कळत नाही.

मी, बनाबाई अर्जुना ढोले, वय ५३, शिक्षण तिसरी, राहणार चिंचदरे, तालुका कोरेगाव, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं जाग्यावर आहे. बिघाड काळजाच्या झडपेत आहे. शुक्रवारी, २१ तारखेला, सांगलीत ऑपरेशन.

१. राहतं घर मुलगा मल्हार याला. तो शिरवळला कंपनीत असतो. "आई, टाकं बुजव, तिथं गाडी लावू," म्हणतो. म्हणून टाकं त्याला नाही.

२. टाकं, त्याची जागा, चुना मळायच्या घाण्याचं दगडी चाक, थाप्या, फावडी सून पूजाला. चुना तीन वर्षं मुरतोय. वर चार बोटं पाणी रोज बघायचं. पूजा बोटावर घेऊन सांगते मुरला का नाही. मला ते पहिल्या पाच वर्षांत जमलं नव्हतं. तोंडावर कधी म्हणाले नाही, इथं वाचू दे.

३. जाऊ मनुबाईला काही नाही. माझी चाळण अठरा वर्षं तिच्याकडेच आहे, तोच तिचा वाटा.

४. पहिल्या हप्त्याच्या कागदावर "काम चुन्यात झाले" याखाली माझी सही आहे. अनुदान देणाऱ्या खात्याचे साहेब दारात येऊन म्हणाले, "या गावात कारागीर म्हणून तुमचंच नाव, आक्का." जन्मभर सगळे चुनेवाली म्हणत आले. मी हुरळले, न वाचता सही केली. वाचता येतं मला. चूक माझी. ती सही मी मागे घेते.

५. वेशीला माझा सगळा चुना फुकट. पण आधी सिमेंट उतरवायचं, मग पूजा सांगेल तसं काम. विश्वजितनं फोटोपुरती एक पाटी चुना मागितला होता. त्याला तंबाखूपुरताही द्यायचा नाही. दुसरा हप्ता माघारी गेला तर जाऊ दे. एवढी वर्षं उभी आहे वेस, आणखी एक राहील. सिमेंटात ओल कोंडली तर मात्र दगड सुटतील.

सही: बनाबाई अर्जुना ढोले
साक्षीदार: १. नानासो, निवृत्त सुभेदार २. धोंडुबाई, शेजारीण
(दोघांना आधी वाचायला लावलं, मग सही.)
चिंचदरे, १० फेब्रुवारी २०२५

साहेब, ही प्रत तुमच्यासाठी. सिमेंट काढणार का नाही, ते मंगळवार १८ तारखेपर्यंत लेखी कळवा. १९ ला शिवजयंतीची सुट्टी, २० ला मी दवाखान्यात. उत्तराखाली तुमची सही पाहिजे. वाचून करा.