छातीवरचे गोल डाग

फ्रिजवर चिकटवून जातेय, कारण समोर असतास तर भांडले असते.

मंगळवारी अंघोळ करून आलास तेव्हा तुझ्या छातीवर गोल लाल डाग दिसले. दोन दिवस मी एका न पाहिलेल्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालत होते. आज शर्ट धुवायला घेतला, तर खिशात हृदयाचा रिपोर्ट. म्हणजे सोमवारी ताईंकडे कपाट लावायला म्हणून मुक्काम केलास, तो चोवीस तास छातीला वायरी चिकटवून बसायला.

बाई असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. तुझ्या सख्ख्या बहिणीचं काय करू? आठ वर्षं तुझ्या फिट्स मी सांभाळतेय. पण झोपेत फिट आली आणि ठोके बिघडले तर माणूस उठतच नाही, हे ताईंना माहीत, मला नाही. तुझे काका तिशीत असेच गेले, तेही त्या कागदावर आहे. मला तू अपघात सांगितला होतास. दुखणं त्यांच्याकडे आणि डबा माझ्याकडे, छान वाटणी आहे.

सकाळची गोळी परत विसरलास. वाटीत ठेवलीय, फिरून आल्या आल्या घे, मग रुस. बाथरूमला आतून कडी लावू नकोस. मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलेय.

रिपोर्टच्या मागच्या पानावर 'काही झाल्यास कळवा' यापुढे तू ताईंचा नंबर लिहिलायस. त्या बसने पाऊण तास लांब राहतात. मी तुझ्या शेजारच्या उशीवर असते. तो खोडून माझा लिहिलाय. पेनानं, चार वेळा गिरवून.