पांढरा प्लग

३ मार्च, सोमवार

नवऱ्याचं खोकं आलं एकदाचं. मोटरसायकलचा नवा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर. ताटावरून उठून हा तसाच खाली पार्किंगमध्ये, आणि टॉर्च धरायला मी. जुना सायलेन्सर काढला, सीटखालची फिल्टरची पेटी काढली, नवं सगळं चढवलं. किक मारली तशा वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. हा हसला. फार दिवसांनी हसला, म्हणून मीही हसले.

आणि तोंडातून निसटलं – "अहो, मेन जेट नाही बदलला?"

"तुझ्या बापाचं गॅरेज नाही हे. टॉर्च नीट धर."

धरला.

५ मार्च, बुधवार

बाबांच्या गॅरेजमध्ये मी वाढले. शाळेतून आले की दप्तर कोपऱ्यात आणि पाना हातात. हवा वाढवली, धूर बाहेर जायची वाट मोकळी केली, की पेट्रोलही वाढवावं लागतं. ते ठरतं कार्बोरेटरमधल्या जेटवर – शेंगदाण्याएवढा पितळी तुकडा, मधे सुईएवढं भोक. याने भोक जुनंच ठेवलंय. म्हणजे हवा ढीगभर आणि पेट्रोल थेंबभर. इंजिन तापत जाणार. लांबच्या रस्त्यावर, भर वेगात पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. बाबांकडे अशी एक गाडी टेम्पोत घालून आणली होती. चालवणारा आला नव्हता.

हे याला सांगायचं कोणी? मागच्या वर्षी चारचौघांत मिक्सर दुरुस्त करून दाखवला होता मी. कपडे पिळताना डाव्या मनगटात अजून कळ येते.

९ मार्च, रविवार

अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फाट फाट आवाज. हा खूश. "बघ कशी बोलते!" इंजिनाजवळचा पाइप निळा पडलाय. मित्रांना बोलावून दाखवला, सगळ्यांनी फोटो काढले. तापाने फणफणलेल्या माणसाला म्हणावं, गाल किती छान लाल झालेत, तसलाच प्रकार.

पुढच्या रविवारी सगळे मिळून घाटापलीकडे जाणार आहेत. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी चक्कर मारून आला आणि आंघोळीला गेला. मी खाली पळाले, स्पार्क प्लग काढून बघितला. इंजिन ठीक असेल तर तो बिस्किटासारखा तपकिरी असतो. हा पांढराफटक, टोकाशी बारीक बारीक मणी. वितळायला लागलाय. घाईत बोट भाजलं.

जेवताना सांगितलं. पाणी वाढता वाढता, हळूच – "लांब जायचंय तर प्लग एकदा बघून घ्या हो."

ताट भिंतीवर.

"माझ्या गाडीला हात लावलास?"

"नाही हो. आवाजावरून वाटलं." बोट पदराआड धरलं होतं.

१२ मार्च, बुधवार

परत सांगायची हिंमत नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज एक लिहून टाकते. लिहिलं तर डोक्यातून जाईल.

नाही सांगितलं तर? एकदा सांगून झालंय. मला कोणी बोल लावणार नाही. रविवारची संध्याकाळ. घर शांत. टीव्हीचा आवाज मला हवा तेवढा, आणि दाराकडे कान नाही. चहा पिता पिता हे सगळं डोळ्यांसमोर आलं. बरं वाटलं मला. चांगलं दोन मिनिटं बरं वाटलं.

मग उरलेला चहा मोरीत ओतला. नऊ वर्षं त्याला घाबरले. आज माझीच मला भीती वाटली. बाबांनी दुश्मनाची गाडीसुद्धा अशी रस्त्यावर सोडली नसती.

१४ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात (दातांच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट लिहायचं काम माझं) जेवणाची सुट्टी झाली तशी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले.

"ताई, मिस्त्रीला पाठवा. नंबर चुकेल तुमचा."

कार्बोरेटर कुठला, जुना जेट कितीचा, नवा किती हवा, सगळं सांगितलं. दुकानदार फळीकडे वळला.

उद्या शनिवार. हा कंपनीच्या बसने जातो, दोनला येतो. गाडी घरीच असते. मी सुट्टी टाकलीये. अर्धा तास पुरे. पण लवकर आला तर? नको, तो विचारच नको.

१५ मार्च, शनिवार, सकाळी अकरा

झालं. पेट्रोल काढलं, कार्बोरेटरखालची वाटी उघडली, जुना जेट बाहेर, नवा आत. एक स्क्रू घरंगळत गेला तेव्हा जीव गेला होता माझा. पहिल्या मजल्यावरच्या मावशी नेमक्या तेव्हाच खाली.

"काय गं, काय चाललंय?"

"गाडी पुसतेय, मावशी."

"पुसायला पाना लागतो होय?"

"लागतो."

हसत गेल्या. सांगतील का याला?

एक काम राहिलंय. जेट बदलला की गाडी चालवून आणायची, प्लग पुन्हा बघायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. गॅरेजचा नियम तो. दहा किलोमीटर पुरतात. लग्नानंतर मी हँडल धरलेलं नाही, याला चालत नाही. बारापर्यंत परत यायला हवं.

वही, तुला पर्समध्ये का टाकतेय, ते विचारू नकोस.

१५ मार्च, दुपारी तीन

तीनदा थांबून प्लग बघितला. रंग बरोबर आहे. एकशे बारा किलोमीटर झाले. फोन वाजतोय, सारखा वाजतोय. खूप भीती वाटतेय. पंपावरच्या माणसाने विचारलं, किती भरू? फुल्ल करा म्हटलं.