आधी ताई, मग तू

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा खोकला गेला, चिडचिड आहे तशीच आहे. कारखान्यात मला कापड बेतायच्या टेबलावरून उठवून बटणांकडे बसवलंय. खुर्ची मिळाली, म्हणजे बढतीच म्हणायची.

कात्री जड व्हायला लागली होती. हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून केस आई विंचरून देते. तिला वाटतं मी लाडात आलेय. मीही तसंच वाटू दिलंय.

नवीन औषध आपल्या दोघांनाही मिळणार असं मी फोनवर म्हटलं, ते खोटं होतं. आपला आजार एकच, पण काही वर्षांपूर्वी जुन्या औषधाचा पहिला डोस थोरली म्हणून मी घेतला. जनुक स्नायूंपर्यंत पोचवायला ते निरुपद्रवी केलेला विषाणू वापरतात, हमालासारखा, हे तुला ठाऊक आहेच. आता तो हमाल त्यांनी सुधारलाय. कमी डोस पुरतो आणि परिणाम जास्त टिकेल असं त्यांना वाटतं. पण पहिल्या डोसपासून माझं शरीर त्याला ओळखतं, नव्यालाही आत येऊ देणार नाही. तपासणीत तसं आलं. तुझं रक्त मात्र कोरं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भावाला लवकर आणा. स्नायू शाबूत आहेत तोवरच उपयोग."

मी बरं म्हटलं, बसने घरी आले, कपडे वाळत घातले. रडू येईल म्हणून जरा बसून राहिले. आलं नाही. अजूनही काही वाटत नाही.

तू तुझ्या बायकोला म्हणालास म्हणे, ताईशिवाय मी घेणार नाही. शहाणपणा पुरे. त्या डोसने मला चांगली वर्षं दिली. तुझ्या छोटीला कडेवर घेऊन मी जिने चढले, त्याचा पस्तावा नाही. तू माझ्यापायी थांबलास तर ते मला सहन होणार नाही.

लहानपणी औषध आधी मी प्यायचे. तू विचारायचास, "ताई, कडू आहे का?" तोंड जरासुद्धा वाकडं न करता मी म्हणायचे, "गोड आहे." मग तू प्यायचास.

या वेळी कडू आहे, ठोंब्या. तरी घे.

तुझी,
आधी पिऊन बसलेली
ताई